एकाच नावाचे टॅग परत परत: क्लासमधून एक्सएमएल काढताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सी शार्पमध्ये क्लास लिहिला, सिरियलायझरला (क्लासमधल्या माहितीचं एक्सएमएल लिहिणारा आणि ते परत वाचणारा कोड) दिला, एक्सएमएल, म्हणजे टॅगमध्ये गुंडाळलेला मजकूर, आलं, इथपर्यंत सगळं सोपं असतं. गाडी अडते ती समोरच्याला, म्हणजे ज्याच्याशी फाइलची देवघेव आहे त्याला, हवाय तसा टॅग अनेकदा, एकाच नावानं, मध्ये काही फालतू न येता काढायचा असतो तेव्हा. मला हे प्रश्न इतक्यांदा विचारले गेलेत की आता एकदाच सगळं लिहून ठेवतोय. बराचसा भाग डॉटनेटच्या (सी शार्प ज्यावर चालतं ते) एक्सएमएलसिरियलायझरबद्दल आहे कारण मी दिवसभर तेच वापरतो, जावा, पायथन वगैरेचं थोडं शेवटी आहे.

वाचण्याआधी दोन गोष्टी. सी शार्पमध्ये प्रॉपर्टीच्या डोक्यावर चौकोनी कंसात जे लिहितात त्यालाही ॲट्रिब्यूट म्हणतात आणि एक्सएमएल टॅगच्या आत असतं त्यालाही ॲट्रिब्यूटच म्हणतात, त्यामुळे बोलताना नुसता घोळ होतो. म्हणून खाली चौकोनी कंसवाल्याला मी ‘खूण’ म्हणतो. दुसरं, नमुन्यांमधे टॅगची नावं देवनागरीत दिसतील. एक्सएमएलमध्ये ते रीतसर चालतं, सी शार्पमध्ये क्लासचं नावही देवनागरीत ठेवता येतं. खऱ्या प्रोजेक्टमध्ये मात्र करू नका, मागून येणारा शिव्या देईल.

एकच नाव परत परत आलं तर ते एक्सएमएल बरोबर धरतात का?

हो, बिनधास्त. एक्सएमएल १.० हे डब्ल्यूथ्रीसी या वेबची मानकं ठरवणाऱ्या संस्थेनं १० फेब्रुवारी १९९८ ला शिफारस म्हणून जाहीर केलं, आणि तेव्हापासून एका टॅगच्या पोटात एकाच नावाचे कितीही टॅग चालतात. ॲट्रिब्यूट मात्र एका टॅगमध्ये एका नावाचं एकदाच, दुसऱ्यांदा दिसलं की पार्सर (एक्सएमएल वाचणारा कोड) तिथंच हात वर करतो.

जेसन या दुसऱ्या डेटा फॉरमॅटमधून आलेल्या लोकांना हे खटकतं कारण तिकडे ॲरेला स्वतःचे कंस असतात. एक्सएमएलमध्ये ॲरे नावाची वेगळी वस्तूच नाही हो. नाव परत आलं, म्हणजे लिस्ट झाली, बस. हे एकदा डोक्यात बसलं की खालचे निम्मे प्रश्न पडतच नाहीत, कारण मग आपण "लिस्ट कशी लिहू" असं विचारत नाही, "समोरच्या फाइलमध्ये नाव कुठं परत येतंय" एवढंच बघतो आणि क्लास त्याच्या मापानं शिवतो.

माझ्या लिस्टभोवती एक जास्तीचा टॅग येतोय, तो मी कुठं लिहिलाच नाही!

तुम्ही नाही, सिरियलायझरनं लिहिला. समजा सायकल नावाचा क्लास आहे, त्यात ‘सुटेभाग’ नावाची लिस्ट आहे आणि लिस्टमधल्या वस्तूंचा क्लास ‘भाग’ आहे. लिस्टवर काहीच खूण लावली नाही तर असं येतं:

<सायकल>
  <सुटेभाग>
    <भाग>चेन</भाग>
    <भाग>पेडल</भाग>
  </सुटेभाग>
</सायकल>

म्हणजे बाहेरच्या टॅगला प्रॉपर्टीचं नाव, आतल्याला वस्तूच्या क्लासचं नाव. याला आम्ही रॅपर म्हणतो. वाईट काही नाही त्यात, उलट वाचायला बरं. पण समोरच्याला हे हवं असेल:

<सायकल>
  <भाग>चेन</भाग>
  <भाग>पेडल</भाग>
</सायकल>

तर लिस्टच्या डोक्यावर एक्सएमएलएलिमेंट ही खूण लावा आणि कंसात "भाग" हे नाव द्या. रॅपर गेला. लोक तास तास शोधतात ते उत्तर एवढंच आहे, आणि ते सापडत नाही कारण एक्सएमएलएलिमेंट ही खूण साध्या प्रॉपर्टीवर फक्त नाव बदलते, त्यामुळे लिस्टवर लावली की ती रॅपरही काढून टाकते हे कुणाला वाटतच नाही. नाव न देता नुसती खूण लावली तर टॅगला प्रॉपर्टीचं नाव लागतं, मग आत प्रत्येक वस्तूला ‘सुटेभाग’ म्हटलं जातं आणि ते कानाला विचित्र लागतं.

रॅपर ठेवायचाय, पण नावं माझी हवीत

दोन खुणा लावायच्या. बाहेरच्या नावासाठी एक्सएमएलॲरे, आतल्यासाठी एक्सएमएलॲरेआयटम. या दोघी जोडीनं राहतात, आणि त्यांच्याबरोबर त्याच प्रॉपर्टीवर एक्सएमएलएलिमेंट लावलीत तर सिरियलायझर बनतानाच अपवाद (एक्सेप्शन, म्हणजे एरर) फेकतो. एकतर रॅपरवाला संसार, नाहीतर बिनरॅपरचा.

रॅपर ठेवावा का काढावा?

फॉरमॅट दुसऱ्याचा असेल तर प्रश्नच नाही, तो सांगेल तसं. आपल्या हातात असेल तर मी ठेवतो. कारण एक बारीक गोष्ट आहे, ‘लिस्ट आहे पण रिकामी’ आणि ‘लिस्टच नाही’ हा फरक फक्त रॅपर असतानाच दिसतो. रॅपर असला की रिकाम्या लिस्टचा रिकामा टॅग येतो आणि नल (म्हणजे बनवलीच नसलेल्या) लिस्टचं काहीच येत नाही. बिनरॅपरच्या पद्धतीत दोन्हीकडे शांतताच. कधीकधी हा फरक काडीचाही महत्त्वाचा नसतो, पण समोरचा "टॅग नाही म्हणजे जुनंच ठेवा, रिकामा म्हणजे पुसून टाका" असा अर्थ लावणारा निघाला तर फार महत्त्वाचा असतो.

लिस्टच्या आत एखादी वस्तू नल असेल तर? रॅपरवाल्या पद्धतीत त्या जागी एक्सएसआय:निल असं (‘इथं काही नाही’ सांगणारं) ॲट्रिब्यूट घेऊन रिकामा टॅग येतो, बिनरॅपरच्या पद्धतीत ती वस्तू गपचूप गाळली जाते. म्हणजे पाच दिल्या आणि चार आल्या असं होऊ शकतं, मोजत असाल तर लक्षात ठेवा.

दोन वेगळ्या प्रॉपर्टीजना एकच टॅगचं नाव दिलं तर एरर येतो, "आधीच हजर आहे" म्हणून. का?

कारण वाचताना कुठला टॅग कुठल्या प्रॉपर्टीत टाकायचा हे त्याला कळणार कसं? समजा ‘पुढचंचाक’ आणि ‘मागचंचाक’ अशा दोन प्रॉपर्टीज आहेत आणि दोघींनाही ‘चाक’ हे नाव दिलं. लिहिताना अडचण नाही, पण सिरियलायझर लिहायचा आणि वाचायचा असा दोन्हीचा नकाशा आधीच बनवतो आणि तिथंच अडतो.

सरळ उपाय म्हणजे एक लिस्ट करा, तिला "चाक" नावाची एक्सएमएलएलिमेंट लावा, आणि पुढचं मागचं कुठलं ते आत एखाद्या ॲट्रिब्यूटमध्ये ठेवा. आपल्या कोडला दोन सुट्या प्रॉपर्टीज हव्याच असतील तर त्या ठेवा की, फक्त त्यांच्यावर एक्सएमएलइग्नोर (‘हे एक्सएमएलमध्ये घेऊ नको’ सांगणारी खूण) लावा आणि आतून लिस्टमधलंच काढून द्या.

दुसरा उपाय पण आहे, क्रमाचा. एक्सएमएलएलिमेंटमध्ये ‘ऑर्डर’ म्हणून आकडा देता येतो, आणि तो दिला की सिरियलायझर क्रमावरून ओळखतो म्हणून तेच नाव दोनदा चालतं. स्कीमावरून (एक्सएमएलमध्ये कुठले टॅग कसे यावेत हे सांगणारी फाइल) क्लास बनवून देणारी टूल्स हेच करतात, म्हणून त्या बनवलेल्या क्लासमध्ये ‘चाक’ आणि ‘चाक१’ असल्या विनोदी प्रॉपर्टीज दिसतात. एका प्रॉपर्टीला ऑर्डर दिला की क्लासमधल्या सगळ्या एलिमेंटवाल्यांना द्यावा लागतो, एकाला दिला दुसऱ्याला नाही असं चालत नाही, लगेच ओरडतो.

पण ऑर्डर वापरताना जपून. त्यानं वाचणं कडक होतं. एकदा आमच्याकडे फाइल पाठवणाऱ्यांनी त्यांच्या बाजूला एक टॅग वरून खाली सरकवला, त्यांना वाटलं काय फरक पडतो. आमच्याकडे ना एरर ना काही, फक्त ती प्रॉपर्टी रिकामी येत राहिली, आणि दोन दिवस आम्ही डेटाबेस तपासत बसलो. क्रम चुकलेला टॅग सिरियलायझर अनोळखी समजून सोडून देतो, इतकंच झालं होतं.

एरर नुसता "टाइप रिफ्लेक्ट करताना चूक झाली" एवढाच येतो, पुढं काहीच नाही

आहे ना, आत आहे. त्या अपवादाचा इनरएक्सेप्शन, म्हणजे त्याच्या पोटातला अपवाद, उघडा, त्याच्या आतला उघडा, त्याच्याही आतला उघडा. तीन थर खाली खरं कारण मराठीत सांगावं इतक्या स्पष्टपणे लिहिलेलं असतं: अमुक नाव आधीच हजर आहे, तमुक क्लासला बिनपॅरामीटरचा कन्स्ट्रक्टर नाही, क्लास पब्लिक नाही, डिक्शनरी चालत नाही. वरचा मेसेज तेवढा स्क्रीनशॉट काढून पाठवू नका रे बाबांनो, त्यातून कुणालाच काही कळत नाही.

प्रश्न, उत्तर, प्रश्न, उत्तर अशा आलटून पालटून येणाऱ्या टॅगचं काय?

हा खरा मजेशीर प्रकार. हेच पान घ्या. त्याचं एक्सएमएल असं असेल:

<पान>
  <प्रश्न>रॅपर ठेवावा का?</प्रश्न>
  <उत्तर>मी ठेवतो.</उत्तर>
  <प्रश्न>डिक्शनरी चालते का?</प्रश्न>
  <उत्तर>नाही.</उत्तर>
</पान>

आता पहिल्यांदा सगळे हेच करतात की ‘पान’ क्लासमध्ये प्रश्नांची एक लिस्ट, उत्तरांची एक लिस्ट, दोघींना एक्सएमएलएलिमेंट. वाचायला हे मस्त चालतं, कारण सिरियलायझर टॅग शेजारी आहेत का लांब आहेत बघत नाही, नावावरून गोळा करतो. म्हणून वाटतं की जमलं. मग तेच परत लिहायला जाता आणि बाहेर येतं ते आधी सगळे प्रश्न आणि मग खाली सगळी उत्तरं. एखाद्या प्रश्नाला उत्तरच नसेल किंवा दोन असतील तर कुठलं कुणाचं हे वाचतानाच हरवलेलं असतं, नंतर शोधून उपयोग नाही.

क्रम टिकवायचा तर लिस्ट एकच पाहिजे. मला आवडणारा मार्ग असा: ‘मजकूर’ नावाचा एक बेस क्लास, त्याच्यापासून ‘प्रश्न’ आणि ‘उत्तर’ हे दोन क्लास, आत लिखाणासाठी एक्सएमएलटेक्स्ट (थेट टॅगच्या पोटातला मजकूर) लावलेली एक स्ट्रिंग. मग ‘पान’ मध्ये मजकूरची एकच लिस्ट आणि तिच्यावर दोन एक्सएमएलएलिमेंट खुणा, एकीत "प्रश्न" हे नाव आणि प्रश्न क्लासचा टाइप, दुसरीत "उत्तर" आणि उत्तर क्लासचा टाइप. एकाच प्रॉपर्टीवर ही खूण कितीही वेळा लावता येते हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. वस्तूचा क्लास बघून तो टॅगचं नाव ठरवतो, टॅगचं नाव बघून क्लास ठरवतो, क्रम जसाच्या तसा.

फॉरमॅट आपलाच असेल तर मात्र इतका खटाटोप कशाला, प्रत्येक जोडीला ‘नोंद’ म्हणून एक टॅग द्या आणि प्रश्न उत्तर त्याच्या पोटात ठेवा.

पण माझ्याकडे दोन्ही टॅगमध्ये नुसती स्ट्रिंगच आहे, वेगळे क्लास करायचे नाहीत

मग टाइपवरून ओळख पटणार नाही, म्हणून सोबत एक हजेरीपट ठेवावा लागतो. एक्सएमएलचॉइसआयडेंटिफायर नावाची खूण आहे. मूळ ॲरेवर दोन्ही नावांच्या एक्सएमएलएलिमेंट, शिवाय ही खूण, आणि तिच्यात दुसऱ्या एका ॲरेचं नाव. तो दुसरा ॲरे इनमचा (ठरावीक नावांचा टाइप), त्याच्यावर एक्सएमएलइग्नोर, आणि इनममधली नावं टॅगच्या नावांसारखीच. पहिल्या ॲरेत तिसरी स्ट्रिंग प्रश्न असेल तर दुसऱ्यात तिसऱ्या जागी ‘प्रश्न’ असायला हवं. लांबी जमली नाही की लिहिताना अपवाद. चालतं, पण दोन ॲरे हातात हात घालून सांभाळणं म्हणजे वैताग आहे, एकात मध्येच काही घातलं आणि दुसऱ्यात विसरलात की संपलं. मी तरी दोन छोटे क्लास करतो.

एकाच नावाच्या टॅगमध्ये दोन वेगळे क्लास घालता येतील का?

दोन एक्सएमएलएलिमेंट, नाव तेच, टाइप वेगळे, असं केलंत तर परत तोच "आधीच हजर" वाला एरर. स्कीमाचाही नियम असाच आहे, एकाच मजकुराच्या चौकटीत एका नावाच्या टॅगला एकच टाइप.

त्यातून वाट म्हणजे बेस क्लासवर एक्सएमएलइन्क्लूड खूण लावून खालचे क्लास सांगायचे. मग टॅगचं नाव सगळ्यांचं एक, ‘भाग’, पण आत एक्सएसआय:टाइप असं ॲट्रिब्यूट येतं आणि त्यात खरा क्लास लिहिलेला असतो. आपणच लिहिणार आपणच वाचणार असू तर झकास. समोरच्याला ते ॲट्रिब्यूट नको असेल, तर एक क्लास करा आणि दोन्हीकडच्या प्रॉपर्टीज त्यात घाला, ज्या स्ट्रिंग किंवा क्लासच्या प्रॉपर्टीज नल असतील त्या येणारच नाहीत. दिसायला ओबडधोबड, पण वर्षानुवर्षं चालतं.

इन्क्लूड विसरलात तर "हा टाइप अपेक्षित नव्हता" असा एरर येतो, आणि तो लिहिताना येतो, सिरियलायझर बनवताना नाही. म्हणून टेस्टमध्ये फक्त बेस क्लास वापरला असेल तर तो सुटून जातो.

फाइल वाचली, एरर नाही, पण लिस्ट रिकामीच

सगळ्यात जास्त विचारला जाणारा. सिरियलायझरचा स्वभाव असा की ओळखीचं नाही ते सोडून द्यायचं आणि गप्प बसायचं. कारणं साधारण अशी: फाइलमध्ये रॅपर आहे आणि तुम्ही बिनरॅपरचं सांगितलंय किंवा उलटं. नावात लहान मोठ्या अक्षरांचा फरक आहे, एक्सएमएलमध्ये ते वेगळंच नाव. ऑर्डर दिलाय आणि क्रम जुळत नाही. आणि बहुतेक वेळा, नेमस्पेस, म्हणजे टॅगच्या नावाला जोडलेलं आडनाव.

नेमस्पेसचं असं आहे की बाहेरच्या टॅगवर एक्सएमएलएनएस लिहिलं की ते आतल्या सगळ्यांना लागू होतं, डोळ्यांना ‘भाग’ दिसतो पण त्याचं पूर्ण नाव नेमस्पेससकट वेगळंच असतं. मूळ क्लासच्या एक्सएमएलरूट खुणेत तो नेमस्पेस दिला तर आतल्यांनाही तोच धरला जातो. मग एखाद्यानं फाइलमध्ये मध्येच रिकामा एक्सएमएलएनएस लिहिलेला असतो आणि तिथून आत सगळं बिननेमस्पेसचं होतं, अशा वेळी त्या लिस्टच्या खुणेत नेमस्पेस रिकामी स्ट्रिंग म्हणून मुद्दाम लिहावा लागतो.

अंदाज करत बसू नका. सिरियलायझरवर अननोनएलिमेंट आणि अननोननोड असे इव्हेंट आहेत, त्यांना दोन ओळींचं लॉगिंग जोडा, कुठल्या ओळीवर कुठला टॅग सोडला ते सगळं बाहेर येतं. आणखी एक सोपी युक्ती, क्लासमध्ये हातानं दोन वस्तू भरा, आधी एक्सएमएल लिहून काढा आणि ते समोरच्या फाइलच्या शेजारी ठेवून बघा. फरक डोळ्यांना दिसतो.

वाचल्यावर लिस्टमध्ये वस्तू दुप्पट होतायत

तुमच्या कन्स्ट्रक्टरमध्ये बघा, लिस्टमध्ये आधीच काही भरताय का. सिरियलायझर आधी वस्तू बनवतो, म्हणजे कन्स्ट्रक्टर चालतो, मग हाती आलेल्या लिस्टमध्येच तो भर घालतो, ती पुसत नाही. एका सेटिंगच्या फाइलबाबत माझं हे झालंय. डीफॉल्ट तीन नोंदी कन्स्ट्रक्टरमध्ये, प्रत्येक वेळी वाचून परत सेव्ह, म्हणून दर वेळी तीन तीन वाढत गेल्या, आणि प्रोग्राम रोज थोडा थोडा हळू होत चाललाय अशी तक्रार आली तेव्हा फाइल उघडून बघितली. डीफॉल्ट भरायचंच असेल तर वाचून झाल्यावर, लिस्ट रिकामी आहे का बघून भरा.

लिस्ट ऐवजी ॲरे वापरला तर हे होत नाही, ॲरे नव्यानं बसवला जातो. पण टॅग एकही नसेल तर बिनरॅपरचा ॲरे नल राहतो, तर लिस्ट रिकामी का होईना मिळते, म्हणून मी लिस्टच घेतो.

मी क्लासच लिस्टपासून बनवला, आता त्याच्या बाकीच्या प्रॉपर्टीज येत नाहीत

येणारच नाहीत. क्लास कलेक्शन आहे म्हटल्यावर सिरियलायझर फक्त आतल्या वस्तू लिहितो, तुमचं ‘नाव’ नि ‘तारीख’ त्याला दिसतही नाही. लिस्टला क्लासच्या आत प्रॉपर्टी म्हणून ठेवा आणि एक्सएमएलएलिमेंट लावा, बाहेरून दिसायला तेच एक्सएमएल येतं आणि बाकीचंही मिळतं.

डिक्शनरी?

नाही चालत. की आणि व्हॅल्यू असा छोटा क्लास करा, त्याची लिस्ट लिहा, वाचल्यावर डिक्शनरी बांधा.

टॅग परत परत लिहिण्यापेक्षा एकाच ॲट्रिब्यूटमध्ये सगळं येईल का?

येतं. साध्या टाइपच्या ॲरेवर एक्सएमएलॲट्रिब्यूट खूण लावली की किमती स्पेस देऊन एका ओळीत येतात:

<सायकल रंग="लाल काळा पांढरा" />

आकड्यांसाठी छान. स्ट्रिंगसाठी जपून, कारण "गडद निळा" लिहिलंत की वाचताना त्याचे दोन रंग होतात.

लिस्टच्या आत लिस्ट आहे आणि "ॲरेऑफ" असलं काहीतरी नाव येतंय

आतल्या लिस्टला स्वतःचं नाव नसतं म्हणून तो ते बनवतो. एक्सएमएलॲरेआयटममध्ये नेस्टिंगलेव्हल नावाचा आकडा देता येतो, बाहेरच्या थराला शून्य, आतल्याला एक. मला विचाराल तर ‘ओळ’ नावाचा क्लास करा, त्यात ‘घर’ ची लिस्ट ठेवा, वाचणाऱ्यालाही कळतं.

प्रोग्राम चालू राहिला की मेमरी वाढतच जाते

सिरियलायझर नवीन कसा बनवताय ते बघा. नुसता टाइप दिला, किंवा टाइप आणि डीफॉल्ट नेमस्पेस, तर तो बनवलेलं कोड आठवणीत ठेवतो आणि पुढच्या वेळी तेच वापरतो. पण नावं बदलायला एक्सएमएलरूट किंवा ओव्हरराइड्स देणारे कन्स्ट्रक्टर वापरलेत तर दर वेळी नवी असेंब्ली (बनवलेल्या कोडचा गठ्ठा) बनते आणि प्रोसेस बंद होईपर्यंत बसून राहते. लूपमध्ये असं केलं की काय होईल सांगायला नको. एकदा बनवा, स्टॅटिकमध्ये ठेवा, तेच वापरा, अनेक थ्रेडमधूनही चालतं.

फाइल प्रचंड आहे, लाखो ‘भाग’ आहेत, सगळी लिस्ट मेमरीत नको

एक्सएमएलरीडरनं पुढं सरकत जायचं आणि एकेक टॅग सिरियलायझरला द्यायचा. यात एक सापळा आहे आणि तो फार गोड आहे. लोक लूपमध्ये ‘भाग’ पर्यंत जा, डीसिरियलाइझ करा, परत पुढच्या ‘भाग’ पर्यंत जा असं लिहितात. टेस्टच्या फाइलमध्ये टॅग वेगवेगळ्या ओळींवर असतात, सगळं बरोबर येतं. मग खरी फाइल येते, तिच्यात टॅग एकाला एक चिकटून, मध्ये एक स्पेसही नाही, आणि एकाआड एक ‘भाग’ गायब होतो. कारण डीसिरियलाइझ झाल्यावर रीडर आधीच पुढच्या टॅगवर जाऊन उभा असतो, आणि "पुढचा शोध" म्हटलं की तो उभा आहे तो ओलांडून जातो. मध्ये ओळ बदलली असली की त्या मोकळ्या जागेवर उभा राहतो म्हणून टेस्टमध्ये निभावून गेलं.

उपाय म्हणजे रीडसबट्री वापरा, प्रत्येक टॅगसाठी वेगळा छोटा रीडर मिळतो, तो बंद केला की मूळ रीडर त्याच टॅगच्या शेवटी थांबतो.

डेटाकॉन्ट्रॅक्टसिरियलायझर या डॉटनेटच्याच दुसऱ्या सिरियलायझरमध्ये हे सगळं कसं करायचं?

बिनरॅपरची लिस्ट तिथं नाहीच. आतल्या टॅगचं नाव बदलता येतं, रॅपर काढता येत नाही. शिवाय तो सहसा नावांच्या अक्षरक्रमानं लिहितो आणि वाचतानाही तोच क्रम धरतो. एक्सएमएलचा चेहरा ठरलेला असेल तर एक्सएमएलसिरियलायझरच बरा.

जावात काय?

जॅक्सबी या जावाच्या एक्सएमएल लायब्ररीत सगळं उलटं, तिथं लिस्ट मुळातच बिनरॅपरची येते आणि रॅपर हवा असेल तर एक्सएमएलएलिमेंटरॅपर लावायचं. जॅक्सन या दुसऱ्या लायब्ररीच्या एक्सएमएल मॉड्यूलमध्ये परत रॅपर आधीपासून असतो आणि तो घालवायला यूजरॅपिंग फॉल्स करायचं. एका प्रोजेक्टमध्ये दोन्ही असतील तर देव भलं करो. आणि जॅक्सबी जेडीके (जावाचं डेव्हलपमेंट किट) ११ पासून सोबत येत नाही, डिपेंडन्सी वेगळी घालावी लागते, जुना कोड नवीन जावावर चढवताना पहिला धक्का तोच.

पायथन, पीएचपीत वाचताना कधी लिस्ट मिळते, कधी एकच वस्तू, असं का?

कारण क्लासच नाही ना तिथं. पायथनच्या एक्सएमएलटूडिक्ट या लायब्ररीला ‘भाग’ एकदाच दिसला तर लिस्ट करायची का नाही हे त्याला माहीत नसतं, म्हणून एक असेल तर सरळ ती किंमत, दोन असतील तर लिस्ट. टेस्टला दोन भागांची सायकल घेतली आणि खऱ्यात एका भागाची आली की लूप त्या स्ट्रिंगच्या अक्षरांवरून फिरायला लागतो, च, मग े, मग न. फोर्सलिस्टमध्ये टॅगचं नाव द्या, मग एक असला तरी लिस्टच. पीएचपीत सिंपलएक्सएमएलचं जेसन करून वापरणाऱ्यांचंही हेच होतं. पायथनच्या एलिमेंटट्रीमध्ये फाइंड फक्त पहिला देतो, सगळे हवेत तर फाइंडऑल.

स्कीमात काय लिहायचं?

मॅक्सऑकर्स, म्हणजे टॅग जास्तीत जास्त किती वेळा. लिहिलं नाही तर एकच धरतात, कितीही चालणार असतील तर अनबाउंडेड. क्रम नको म्हणून ‘ऑल’ वापरायला जाल तर एक्सएसडी (स्कीमा लिहायची भाषा) १.० मध्ये त्यात एक टॅग एकदाच येऊ शकतो, परत परत नाही. १.१ मध्ये ते सैल केलंय, पण डॉटनेटचा स्कीमा व्हॅलिडेटर १.० वरच आहे, तेव्हा तिथं ‘चॉइस’ घ्या आणि त्या चॉइसलाच अनबाउंडेड करा. त्या स्कीमावरून टूलनं क्लास बनवलात तर ‘आयटम्स’ नावाचा एक ॲरे आणि त्याच्या डोक्यावर एक्सएमएलएलिमेंटची रांग दिसेल, ती बघून घाबरू नका, वरच्या प्रश्न उत्तरवाल्या लिस्टसारखंच आहे ते.